एल.आर.ची सही

ऑगस्टमधला रविवार होता. बाहेर पावसाची पिरपिर, आत कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन गेलेल्या. अशा वेळी दिल्लीहून भाचीचा फोन आला. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी दिल्ली विद्यापीठाच्या एका मुलींच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. एरवी तिचा फोन म्हणजे "मावशी, भरली वांगी कशी करायची गं?" या जातीचा. त्या दिवशी आवाज वेगळा होता.

"मावशी, कॉलेजच्या युनियनची निवडणूक आहे. प्रेसिडेंटला पाचजणी उभ्या आहेत. खजिनदाराला एकही नाही. सगळ्या म्हणतायत, तू राहा. राहू का?"

"आईला विचारलंस?"

"ती म्हणते, लष्कराच्या भाकऱ्या भाजायला तुला दिल्लीला पाठवलेलं नाही."

"मग मला कशाला विचारतेस?"

"तू बँकेत होतीस ना! शिवाय तू कॉलेजात एल.आर. होतीस, असं आजी सांगायची."

आजी, म्हणजे माझी आई, ही गोष्ट खरोखरच सगळ्यांना सांगायची. आमच्या घराण्यात निवडणूक जिंकलेली मी पहिली आणि शेवटची. पण आईला त्या गोष्टीचा पहिला अर्धाच भाग माहीत होता. दुसरा अर्धा मी तिला कधी सांगितला नाही. "रात्री फोन करते," असं भाचीला म्हणून मी फोन ठेवला. वरण-भात होईपर्यंत मी मनाने १९७९ सालात जाऊन पोचले होते.

आमचं कॉलेज जिल्ह्याच्या गावचं. नऊशेच्या आसपास विद्यार्थी, त्यात मुली दीडशेसुद्धा नव्हत्या. आजच्या मुलांना ही अक्षरं परकी वाटतील म्हणून सांगते. प्रत्येक वर्गाचा एक सी.आर. असे. सगळ्या कॉलेजचा एक जी.एस., म्हणजे जनरल सेक्रेटरी. विद्यापीठात कॉलेजचं तोंड म्हणून एक यू.आर. आणि मुलींची म्हणून एक एल.आर., लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह. तिला फक्त मुलींनी मतं द्यायची. एल.आर.ने काय करायचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. पाहुण्यांना गुच्छ द्यायचा, दारात रांगोळी काढायची आणि मंडळाच्या सभेत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून चहा सगळ्यांना पोचला का ते पाहायचं.

मला उभं राहायचं होतं ते एका कडीसाठी. आमच्या लेडीज रूमच्या मोरीला आतून कडी नव्हती. एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेर पाठ लावून उभं राहायचं, अशी दोन वर्षं काढली होती. वडिलांना विचारलं तेव्हा ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "आपण बरं की आपला अभ्यास बरा." मी त्याला परवानगी समजले. हाताने रंगवलेले चार फलक, वर्गावर्गातून दोन-दोन मिनिटं बोलणं आणि मैत्रिणींनी स्वतःच्या पैशांनी पाजलेला चहा, एवढ्यावर मी निवडून आले.

गंमत पाहा. तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं. ते अठरा झालं १९८९ साली. म्हणजे १९८० च्या जानेवारीत लोकसभेची निवडणूक झाली तेव्हा एकोणीस वर्षांच्या मला मत नव्हतं, पण त्याच वर्षी मी स्वतः मतं मागून निवडून आलेली होते. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी मताची पहिली चिठ्ठी कॉलेजच्याच पेटीत टाकली.

कडी बसायला पाच महिने लागले. पहिला अर्ज प्राचार्यांकडे दिला, तो हरवला. दुसरा दिला, त्यावर "कार्यालयाने पाहावे" असा शेरा आला. कार्यालय म्हणालं, दुरुस्ती संस्थेकडे. संस्था म्हणाली, किरकोळ खर्च कॉलेजकडे. शेवटी आमच्या कार्यालयातल्या एका वयस्क कारकुनांनी मला बाजूला घेऊन शहाणपण शिकवलं. "बाई, अर्जाची नक्कल ठेवा. तिच्यावर आवक क्रमांक घ्या. पुढच्या अर्जात तो क्रमांक लिहा." सातव्या अर्जाला कडी आली. लोकशाहीबद्दल मी पुढे पुष्कळ वाचलं, पण घोषणेपेक्षा आवक क्रमांकाला जास्त बळ असतं हे मला त्या कडीने शिकवलं.

इथपर्यंतची गोष्ट आई सांगायची. आता उरलेली.

आमचा जी.एस. लाखात एक मुलगा होता. वसतिगृहात राहणारा, उंचापुरा, गडगडाटी हसणारा. गावात त्याला नावाने कोणी हाक मारत नसे, कँटीनच्या पोऱ्यापासून सगळे "जी.एस." म्हणत. डिसेंबरात गॅदरिंग झालं. अल्पोपाहाराची जबाबदारी माझी. वडा, शिरा आणि चहा, दीड रुपयाला प्लेट. मी स्वतः उभं राहून वाढलं होतं, साडेचारशे प्लेट्स लागल्या. आठ दिवसांनी जी.एस. व्हाउचर घेऊन आला. त्यावर सहाशे प्लेट्स होत्या.

"अरे, साडेचारशे ना?"

"सही कर. नंतर सांगतो."

मी सही केली. वाचून, समजून केली, हे महत्त्वाचं. दीडशे प्लेट्सचे दोनशे पंचवीस रुपये. त्याने नंतर खरंच सांगितलं. वसतिगृहातल्या तीन मुलांकडे परीक्षेच्या फीचे पैसे नव्हते. त्या वर्षी त्यांच्याकडे पीक गेलेलं. फॉर्म भरायची मुदत दोन दिवसांवर. त्याने पैसे तिकडे भरले. एक पैसाही स्वतःकडे ठेवला नाही, याबद्दल तेव्हाही मला शंका नव्हती आणि आजही नाही. उलट मला त्याचा अभिमान वाटला, आणि थोडा स्वतःचाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या एल.आर.ला प्रथमच कुणी मोठ्या कामात सामील करून घेतलं होतं.

जिमखान्याचे उपाध्यक्ष म्हणून इंग्रजीचे एक सर काम पाहायचे. सगळी व्हाउचरं अखेर त्यांच्या सहीने पास होत. हेही झालं. मार्चमध्ये परीक्षा, एप्रिलमध्ये निरोप, संपलं.

संपलं नव्हतं. पुढच्या वर्षी दुसरा जी.एस. आला. गॅदरिंगच्या व्हाउचरमध्ये प्लेट्स वाढवता येतात ही गोष्ट त्याला कुणीतरी सांगितली होती; त्या कशासाठी वाढवल्या होत्या ते सांगितलं नव्हतं, किंवा त्याने ऐकलं नव्हतं. त्याने नऊशे पंधरा रुपये वाढवले आणि खिशात घातले. त्यावर भांडण झालं, तक्रार झाली, संस्थेचा हिशेबनीस आला. त्याने कँटीनवाल्याची बिलबुकं मागवली आणि दोन्ही वर्षं ताडून पाहिली. अकराशे चाळीस रुपयांचा फरक. मुलं कॉलेज सोडून गेलेली. शेवटची सही सरांची. ते पैसे सरांच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापले गेले.

हे मला मैत्रिणीच्या पत्रातून कळलं तेव्हा मी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. त्याच दिवशी उठून सरांकडे जायला हवं होतं. गेले नाही. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. नोकरीसाठी त्याच कॉलेजचा चारित्र्याचा दाखला लागणार होता. दाखला मिळाला. त्यावर "वर्तणूक उत्तम" असं लिहिलं होतं. तो कागद अजून माझ्या पेटीत आहे.

माझी चूक दोनशे पंचवीस रुपयांची, गॅदरिंगच्या वड्यांची. पण विद्यार्थ्यांच्या पानातल्या हिशेबाला कोणी क्षुल्लक समजू नये. अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात १९७३ च्या डिसेंबरात मुलं चिडली ती मेसचं बिल वाढलं म्हणून. त्यातून नवनिर्माण आंदोलन पेटलं आणि १९७४ च्या फेब्रुवारीत गुजरातचे मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे विद्यार्थी दुसऱ्याला हिशेब विचारू शकतात, अगदी सरकार खाली खेचण्याइतका. स्वतः हिशेब देणं हा त्याच कामाचा दुसरा अर्धा भाग. तो आम्हाला कोणी शिकवला नाही, आणि आम्हीही शिकलो नाही.

पुढे आपल्या राज्यात या निवडणुकांचं काय झालं ते त्या काळच्या वाचकांना आठवत असेल. ऐंशीच्या दशकात पैसा शिरला, मारामाऱ्या शिरल्या, यू.आर.ना मतदान होईपर्यंत 'सहली'ला नेऊन दडवण्याचे प्रकार सर्रास होऊ लागले. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानंतर वर्गात पहिला येणारा विद्यार्थी गुणांच्या जोरावर मंडळात जाऊ लागला. पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही टाकला असेल, माझा मुलगा तेव्हा लहान होता. पण ज्याला मतं मागायला दारात जावं लागत नाही, त्याला पुन्हा त्या दारात जाऊन जाबही द्यावा लागत नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद परत आणली. २०१९ साली त्या घ्यायचं ठरलं, विधानसभेच्या निवडणुकीमुळे लांबणीवर पडलं आणि पुढच्या वर्षी करोनाने कॉलेजंच बंद केली.

मधल्या काळात माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीने देशभरासाठी नियम सुचवले आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते लागू केले. उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत. छापील पोस्टर नाही, हाताने केलेलं, तेही ठरवून दिलेल्या जागीच. हजेरी पंचाहत्तर टक्के. आणि मला सगळ्यात आवडलेला नियम असा की निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत प्रत्येक उमेदवाराने तपासलेला हिशेब सादर करायचा. नियम चांगले आहेत. ते पाळले किती जातात याचा नमुना भाचीच्याच विद्यापीठात दिसला. २०२४ साली विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाच्या निवडणुकीत भिंती इतक्या रंगल्या की उच्च न्यायालयाने आधी भिंती साफ करा, मग मतं मोजा, असं सांगितलं. सप्टेंबरात मतदान झालं, मतमोजणी नोव्हेंबरात.

आता सरांकडे परत येते, कारण ती गोष्ट माझ्यावर उधार आहे.

बँकेत लागल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्या हेडक्लार्कनी सांगितलं होतं, "आधी आकडा वाचायचा, सही मग." ते ऐकून मी मान खाली घातली. मी आकडा वाचूनच सही केली होती, तीच तर माझी अडचण होती. पुढे ऑफिसर झाले. व्हाउचर पास करण्याचा अधिकार मिळाला. हजारो सह्या केल्या. संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, हा नियम अंगात मुरला. पण माझा एक जुना फरक सस्पेन्स खात्यात पडलेला होता.

१९९८ च्या नोव्हेंबरात पेन्शनरांची रांग होती. हयातीचे दाखले. एक फॉर्म समोर आला, त्यावरची सही नमुना सहीशी जुळत नव्हती. मी वर पाहिलं. समोर सर उभे होते. हाताला कंप सुटला होता.

मी त्यांना आत बसवलं. सही पुन्हा करून घेतली, चहा मागवला. "तू एल.आर. होतीस ना? कडीवाली?" ते हसून म्हणाले. त्या हसण्याने माझा धीर सुटला आणि अठरा वर्षांची गोष्ट मी पाच मिनिटांत सांगून टाकली.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "प्लेट्स किती ते मी त्या वर्षी विचारलं नाही. व्हाउचरवर तुझी सही होती. म्हटलं, ही पोरगी कडीच्या अर्जाच्यासुद्धा नकला ठेवते, हिने मोजल्या असतील."

मला ते अकराशे चाळीस रुपये कापल्याचं ऐकून जेवढं लागलं नव्हतं, तेवढं हे वाक्य लागलं. इतकी वर्षं मी समजत होते, एक खोटा आकडा लिहिला गेला. तसं नव्हतं. एका माणसाने माझ्या नावावर विसंबून मोजणं सोडून दिलं होतं.

मी तिथेच चेकबुक काढलं. त्यांनी हात आडवा केला. "ते राहू दे. त्या तीन पोरांचं काय झालं?"

एक तहसील कचेरीत लागल्याचं मला माहीत होतं. बाकीच्या दोघांचं नव्हतं.

"मला आधी सांगायचंत ना गं," ते म्हणाले. "विद्यार्थी सहायता निधी होता. नसता तर मी दिले असते. आणि त्या पोराला मी इतकी वर्षं चोर समजत आलो, ते तरी टळलं असतं." मग उठताना सांगितलं, त्या प्रकरणानंतर त्यांनी मुलांचं कुठलंच काम अंगावर घेतलं नाही. गॅदरिंगलाही गेले नाहीत. पुढच्या कितीतरी वर्षांच्या मुलांना एक चांगला माणूस मिळाला नाही, तोही हिशेब त्या दोनशे पंचवीस रुपयांत धरायला हवा.

जी.एस.ला मी पत्र लिहिलं. तो एका गावी शाळामास्तर झाला होता. तो सरांना भेटून आला, एवढं मला नंतर कळलं. त्यांचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

रात्री भाचीला फोन केला. ही सगळी गोष्ट सांगितली. पलीकडे शांतता. मग म्हणाली, "म्हणजे नको राहू?"

"असं कुठे म्हटलं? राहा. पण आधी एक सांग. फेस्टचे पैसे जमा कुठे होतात?"

"दर वर्षी खजिनदाराच्या मोबाइलवर. क्यूआर कोड लावायचा. माझाच लावणार."

माझ्यातली बँक ऑफिसर ताडकन उठून बसली. लोकांचे पैसे आणि तुझे मेसचे पैसे एका खात्यात? उद्या तू स्वतःच्या चपला घेतल्यास तरी त्यात फेस्टचा रुपया गेला का, हे तुलासुद्धा सांगता येणार नाही. कॉलेजकडे जाऊन मंडळाच्या नावाने वेगळं खातं मागा. काढायला दोन सह्या ठेवा, एक तुझी, एक बाईंची. कोऱ्या व्हाउचरवर सही नाही, मैत्रीण कितीही जवळची असली तरी नाही. महिन्याचा हिशेब फलकावर लावा, एका पानात. सभेचं इतिवृत्त लिहा, नाहीतर ठराव झाला होता की नुसता चहा झाला होता हे पुढच्या वर्षी कुणाला कळणार नाही. आणि जाताना फाइल नव्या मुलीच्या हातात द्या. आम्ही कडीच्या अर्जांची फाइल दिली नाही. दोन वर्षांनी कडी तुटली तेव्हा म्हणे पुन्हा पहिल्या अर्जापासून सुरुवात झाली.

"आणि कुणाला खरंच गरज असली तर? फीचे पैसे नसले तर?"

"तर सभेत मांडायचं. नाव न सांगता मांडायचं. ठराव करायचा आणि उघडपणे द्यायचे. चांगलं काम चोरून करायला लागलं, की पुढचा माणूस त्यातलं चांगलं सोडून देतो आणि चोरी तेवढी उचलतो."

"मावशी, एवढं सगळं फुकट करायचं?"

"फुकट कसं? एकोणिसाव्या वर्षी दुसऱ्याचा पैसा हातात धरायला मिळतोय. तो जसा घेतला तसा परत ठेवता आला, तर पुढे तुला बँक सांभाळता येईल, घर सांभाळता येईल, विद्यापीठाच्या सभेत बसून कुलगुरूंना अंदाजपत्रकावर प्रश्न विचारता येईल."

बहिणीने दुसऱ्या दिवशी मला फैलावर घेतलं, ते वेगळं. "तू तिला आणखी चढवून दे!" तिचंही चुकत नाही. मुलगी परगावी असली की आईला हजेरी आणि मार्कच दिसणार. पण ज्या घरात मुलांना रविवारचा बाजार करून उरलेले पैसे मोजून परत द्यायची सवय असते, त्या घरातल्या मुलांनी असं पद घ्यायला घाबरू नये, आणि आईबापांनीही घाबरू नये, असं मला वाटतं. चांगल्या घरची मुलं कोपऱ्यात बसून राहिली की खुर्ची रिकामी राहत नाही; दुसरं कुणीतरी येऊन बसतं.

भाची उभी राहिली. शेवटच्या दिवशी आणखी एकीने अर्ज भरला, त्यामुळे बिनविरोध काही झालं नाही. सदतीस मतांनी निवडून आली. खातं उघडायला कॉलेजने सहा आठवडे लावले. तिने अर्जांच्या नकला ठेवल्या होत्या.

परवा तिने फलकाचा फोटो पाठवला. पहिल्या महिन्याचा हिशेब, हाताने लिहिलेला. जमा, खर्च, शिल्लक. मी चष्मा लावून बेरीज तपासली, सवय जात नाही. बेरीज बरोबर होती. आणि अगदी खाली लहान अक्षरांत एक ओळ होती: 'फरक अठरा रुपये. शोधत आहोत.' त्याखाली तिची सही.